सारनाथचे सिंह आणि विद्यार्थ्याचा कागद

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थ्यांच्या चित्रप्रदर्शनाच्या वेळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातील हजारो शाळांत एक दृश्य दिसते. चित्र बऱ्यापैकी काढणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला वर्गशिक्षक फळ्यापुढे उभे करतात आणि रंगीत खडूंचा डबा त्याच्या हाती देतात. मग तिरंगा, भारताचा नकाशा आणि बहुतेक वेळा तीन सिंहांची राजमुद्रा फळ्यावर उमटते. सिंहांची आयाळ जमत नाही. मधला सिंह मांजरासारखा दिसू लागतो. खालचे चक्र वाटोळे होत नाही. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होते आणि तिसऱ्या दिवशी फळा पुसला जातो. त्या चित्राविषयी त्या विद्यार्थ्याला कोणी काही विचारत नाही. तोही स्वतःला काही विचारत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा न विचारलेला प्रश्न आहे. शाळेत किंवा कलाशाळेत शिकत असताना केलेल्या चित्रांकडे त्याच विद्यार्थ्याने पुढे कसे पाहावे, त्यांत काय शोधावे आणि ती चित्रे जपण्याजोगी असतात का, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला काशीला जावे लागते. कारण फळ्यावरच्या त्या सिंहांचे मूळ काशीजवळच्या सारनाथला आहे, आणि त्यांचे एक अत्यंत महत्त्वाचे चित्र एका विद्यार्थ्याच्या हातून घडले आहे.

वाराणसीपासून सारनाथ सुमारे दहा किलोमीटरवर आहे. भगवान बुद्धांनी पहिले प्रवचन दिले ते हे स्थान. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने तेथे स्तंभ उभारला. १९०४-०५ साली एफ. ओ. अर्टेल यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, तेव्हा त्या स्तंभाचे शीर्ष मातीतून बाहेर आले. आज ते तेथील संग्रहालयात आहे. वालुकाश्माचे, उंचीला सुमारे सात फूट आणि आरशासारखी झिलई असलेले हे शिल्प प्रथम पाहणाऱ्याला दोन गोष्टींचे आश्चर्य वाटते. सिंह तीन नसून चार आहेत, ही पहिली. ते पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड करून बसले आहेत; समोरून पाहणाऱ्याला चौथा दिसत नाही, एवढेच. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या पायांखालची गोल बैठक. तिच्यावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार प्राणी चालीत कोरलेले आहेत आणि दोन प्राण्यांच्या मध्ये एकेक चोवीस आऱ्यांचे चक्र आहे. त्याखाली उलटे उमललेले घंटाकृती कमळ आहे. राजमुद्रेत ते कमळ घेतलेले नाही. समोर मध्यभागी चक्र, त्याच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला घोडा एवढेच दिसते, आणि खाली मुंडक उपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन येते. म्हणजे फळ्यावर राजमुद्रा काढणारा विद्यार्थी एका गोल शिल्पाचे सपाट चित्र काढत असतो. जे दिसत नाही ते मनात धरून, दिसते तेवढेच रेखाटायचे, हा चित्रकलेतला अवघड धडा त्याच्यापुढे नकळत येऊन उभा राहतो.

हाच धडा १९४०च्या दशकाच्या अखेरीस शांतिनिकेतनच्या कलाभवनात एका तरुण विद्यार्थ्यापुढे आला होता. स्वतंत्र भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम आचार्य नंदलाल बोस यांच्याकडे सोपवण्यात आले. नंदलालबाबू तेव्हा कलाभवनाचे प्रमुख होते. त्यांनी ते काम एकट्याने न करता आपल्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना त्यात घेतले. संविधानाच्या इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले आणि हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांनी. अक्षरांच्या भोवतीची नक्षी आणि प्रत्येक भागाच्या आरंभीची चित्रे कलाभवनातून आली. मोहेंजोदडोच्या मुद्रेपासून हिमालयापर्यंत भारताचा प्रवास त्या चित्रांत आहे. त्यांत छत्रपती शिवाजी महाराज आहेत आणि काशीत जन्मलेल्या राणी लक्ष्मीबाईही आहेत. २४ जानेवारी १९५० रोजी संविधानसभेच्या सदस्यांनी ज्या प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या, त्या प्रती अशा रीतीने काही अंशी विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत.

या विद्यार्थ्यांत दीनानाथ भार्गव होते. त्यांचा जन्म १९२७ साली बैतूल जिल्ह्यातील मुलताई या गावी झाला. मुलताई म्हणजे तापी नदीचे उगमस्थान. अमरावती जिल्ह्याला लागून असलेला हा मुलूख मराठी भाषेला परका नाही. तेथून शांतिनिकेतनला गेलेल्या, नुकती विशी ओलांडलेल्या या विद्यार्थ्यावर नंदलालबाबूंनी सारनाथच्या सिंहशीर्षाचे चित्र सोपवले. सिंहशीर्ष राष्ट्राचे चिन्ह म्हणून आधीच निवडले गेले होते. त्याची कल्पना विद्यार्थ्याची नव्हती. त्याचे काम होते ते हस्तलिखिताच्या आरंभी ते शीर्ष योग्य त्या रुबाबात उतरवण्याचे.

येथे गुरूंनी जी आज्ञा केली ती विचार करण्याजोगी आहे. आधी खरे सिंह पाहून ये, असे त्यांनी सांगितले. भार्गव पुढे आयुष्यभर ही आठवण सांगत असत. शांतिनिकेतनहून दीडशेएक किलोमीटरवरच्या कलकत्त्यातील प्राणिसंग्रहालयात ते काही महिने वारंवार जात राहिले आणि सिंह कसा बसतो, मान कशी वळवतो, जबडा उघडताना त्याच्या गालाची ठेवण कशी बदलते, याची निरीक्षणे करीत राहिले.

चित्र दगडी सिंहाचे काढायचे, तर जिवंत सिंह कशाला पाहायचा? शाळेतल्या कोणाही चुणचुणीत मुलाने हा प्रश्न विचारला असता. त्याचे उत्तर सारनाथच्या शिल्पातच आहे. त्या शिल्पातील आयाळ खऱ्या सिंहाच्या आयाळीसारखी विस्कटलेली नाही. ती ओळीने रचलेल्या बटांची आहे. पायांच्या शिरा आणि पंजे मात्र जिवंत सिंहाचे आहेत. म्हणजे शिल्पकाराने कोठे निसर्ग ठेवला आणि कोठे स्वतःची रचना केली, हे ओळखल्याशिवाय त्याच्या कृतीचे चित्र काढता येत नाही. ज्याने सिंह पाहिलेला नाही, तो दोन्ही गोष्टी सारख्याच गिरवतो आणि चित्र निर्जीव होते. फळ्यावरच्या सिंहाचे मांजर होते ते याच कारणाने. मुलाच्या हातात कसब कमी असते हे खरे. पण त्याहून मोठी उणीव ही असते की, तो चित्राचे चित्र काढत असतो आणि सिंह त्याने पाहिलेलाच नसतो.

या कथेचा उत्तरार्ध आजच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. भार्गव यांच्या कुटुंबीयांनी वृत्तपत्रांना सांगितल्याप्रमाणे, पहिल्या कागदावर काम चालू असताना कुंचला पडून डाग पडला आणि तो कागद बाद करावा लागला. त्यांनी दुसरे चित्र केले आणि तेच संविधानात गेले. डाग पडलेला पहिला कागद मात्र त्यांनी फेकला नाही. तो त्यांच्याजवळ राहिला, आणि १९८५च्या सुमारास, म्हणजे साडेतीन दशकांनंतर, त्यांनी तो पूर्ण केला. २०१६ साली इंदूर येथे त्यांचे निधन झाले. तो कागद कुटुंबीयांनी सांभाळून ठेवला.

विद्यार्थिदशेत बाद झालेले काम साठीकडे झुकलेल्या चित्रकाराने पुन्हा हाती घ्यावे, यात काय आहे? त्याला नवे चित्र करता आले असते. मधल्या पस्तीस वर्षांत हात कितीतरी सराईत झाला होता. तरीही तो जुना कागद त्याने निवडला. त्या कागदावर ज्या रेघा होत्या त्या विशीतल्या विद्यार्थ्याच्या होत्या: प्राणिसंग्रहालयातून नुकत्याच परतलेल्या, गुरूच्या नजरेच्या धाकात ओढलेल्या. तशा रेघा पुढे कोणालाच, स्वतः त्या चित्रकारालाही, ओढता येत नाहीत. विद्यार्थ्याच्या चित्राचे मोल येथे आहे. ते प्रौढ कलावंताच्या चित्रापेक्षा चांगले नसते; पण ते एका विशिष्ट वयात पाहणे कसे घडत होते याचा एकमेव पुरावा असते.

असे पुरावे नष्ट झाल्याची उदाहरणे मराठी मुलखात आहेत. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, नारायण खोत आदी विद्यार्थ्यांनी लेण्यांच्या अंधारात बसून भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. शाळेने हाती घेतलेला एवढा मोठा चित्रप्रकल्प त्या काळी देशात क्वचितच झाला असेल. त्या प्रतिकृती लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. उरलेल्यांवरून आणि ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांवरून त्या कामाचा आवाका कळतो. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आहे. त्या विद्यार्थ्यांना आपले काम कसे वाटले, कोणत्या आकृतीपुढे हात अडला, कोणत्या रंगाची मात्रा चुकली, हे सांगणारे त्यांचे शब्द मात्र वाचकांच्या हाती आले नाहीत.

म्हणूनच रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी केलेल्या कामाची थोरवी वेगळी आहे. कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली त्याच कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. १९४० साली त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. मराठी चित्रकाराने आपल्या विद्यार्थिदशेकडे, गुरूंकडे आणि त्या काळच्या कामाकडे मागे वळून पाहावे आणि ते मराठीत लिहून ठेवावे, याचे हे ठळक उदाहरण आहे. चित्र टिकले आणि त्यामागचा विचार हरवला, तर अर्धेच उरते. धुरंधरांनी दुसरे अर्धे वाचवले.

आता पुन्हा काशीकडे वळू या. मुंबईच्या कलाशाळेचे आणि काशीचे नाते जुने आहे. जगन्नाथ मुरलीधर अहिवासी हे त्या कलाशाळेत शिकले, तेथे अनेक वर्षे भारतीय शैलीचा वर्ग त्यांनी चालवला आणि शंकर पळशीकरांसारखे शिष्य घडवले. पुढे ते काशी हिंदू विश्वविद्यालयात चित्रकला शिकवण्यासाठी गेले. त्यांच्यानंतर १९७०च्या दशकात बेळगावचे कृष्ण श्यामराव कुलकर्णी तेथील दृश्यकला विभागाचे प्रमुख झाले. लहानपणी गरिबीपोटी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या या मुलाने पुढे दिल्ली शिल्पी चक्राच्या स्थापनेत भाग घेतला आणि राष्ट्रीय कीर्ती मिळवली. पाटीवरचे अक्षर दुरून वाचता आले पाहिजे, हा धंद्यातला पहिला नियम. आणि ठळक, नेटका आकार हा चित्रातलाही पहिला नियम. लहानपणचे कोणते काम पुढे उपयोगी पडेल, हे त्या वयात कोणालाच सांगता येत नाही.

समजा, महाराष्ट्रातल्या एखाद्या मराठी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेली एखादी विद्यार्थिनी काशीला शिकायला गेली. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन एवढी तिची शिदोरी. तेथील प्रथेप्रमाणे पहाटे ती रेखाटनाची वही घेऊन घाटावर जाते. काशीला गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते; सारे घाट पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून. त्यामुळे सकाळचे ऊन सरळ पायऱ्यांच्या तोंडावर येते आणि छाया जवळजवळ उरत नाही. दुपारनंतर तेच घाट सावलीत जातात. शाळेत शिकवलेले असते की, उजेड डावीकडून येतो आणि सावली उजवीकडे पडते. तिच्या पहिल्या चित्रात घाटांच्या उजव्या बाजूला काळजीपूर्वक काढलेली सावली असते. ती घाटावर नसते. ती शाळेतल्या फुलदाणीची सावली असते.

मणिकर्णिकेजवळ, बैजाबाई शिंद्यांच्या नावाशी जोडलेल्या शिंदे घाटाशेजारी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर एका अंगाला कललेले आहे. वर्षातून बराच काळ त्याचा तळ पाण्यात असतो. तेही ती काढते, आणि सरळ काढते. उभ्या रेषा उभ्याच राहतात, हा यथादर्शनाचा नियम तिने परीक्षेसाठी घोकलेला असतो. डोळ्यांनी कल पाहिला, हाताने तो नाकारला. त्या दिवशी तिला तो दोष दिसतही नाही; उलट रेघ नीट आली म्हणून समाधान वाटते. वर्षादोन वर्षांनी वही उघडल्यावर पहिल्याच दृष्टिक्षेपात तो दोष डोळ्यांत भरतो.

येथे दोन वाटा फुटतात. पहिली म्हणजे लाजून पान फाडून टाकायचे. दुसरी म्हणजे त्या पानाला प्रश्न विचारायचे. येथे मी पाहिले ते काढले, की मला ठाऊक होते ते? ही रेघ माझी, की शिकवलेली? अडले तेव्हा मी पुन्हा पाहिले, की अंदाजाने पुढे गेले? हे प्रश्न जिने स्वतःच्या वहीला विचारले, तिला पुढे गुरूची गरज संपते असे नाही; पण गुरू काय सांगत होते ते तिला त्या दिवसापासून कळू लागते. काशीचे घाट मोठमोठ्या चित्रकारांनीही रंगवले आहेत. १९६०च्या सुमारास पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आणि रामकुमार हे दोघे मित्र काशीला बरोबर गेले होते. माणसांनी गजबजलेल्या त्या नगरीतून रामकुमार यांच्या चित्रांत माणसेच हळूहळू नाहीशी झाली. उरले ते घरांचे, पायऱ्यांचे आणि नदीचे आकार. हुसेन यांची वाट निराळी राहिली. घाट तेच, दिवस तेच. आपण काय पाहिले हे ज्याचे त्याने ठरवले, म्हणून चित्रे दोन झाली.

शालेय चित्रांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, आणि हीरकमहोत्सवाच्या आनंदातही तो बोलून दाखवणे आवश्यक आहे. प्रदर्शनात लागणाऱ्या मुलांच्या चित्रांवर पुष्कळदा मोठ्यांचा हात फिरलेला असतो. शिक्षक किंवा पालक प्रेमापोटीच ‘जरासे नीट’ करून देतात. चेहरा सुधारतो, बक्षीसही मिळते. पण चित्र भिंतीवर लागल्यावर मूल त्याकडे पाहते, तेव्हा त्याला बरोबर ठाऊक असते की नाक सरांचे आहे आणि कान आपला. पुढे तो कागद त्याला काही शिकवू शकत नाही. नंदलालबाबूंनी शिष्याच्या कागदावर स्वतः सिंह काढून दिला असता, तर वेळ वाचला असता. त्यांनी शिष्याला सिंहाकडे पाठवले. शिक्षकाने मुलाच्या कागदाला हात न लावता त्याच्या डोळ्याला दिशा द्यावी, एवढा धडा या एका घटनेत आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीमुळे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे पालकांना चांगले ठाऊक आहे. त्यामुळे रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संख्या वाढते, ही चांगलीच गोष्ट. मात्र निकालाची पत्रिका हाती आल्यावर चित्रांचा गठ्ठा रद्दीत जातो आणि रंगपेटी धाकट्या भावंडाकडे जाते. गुण मिळाले आणि पाहणे थांबले, असा तो व्यवहार होतो. तीन वर्षे जे मूल तांब्याच्या कडेचा लंबगोल पकडण्यासाठी धडपडले, त्या धडपडीची नोंद किलोच्या भावाने विकली जाते.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे वर्षातले एक चित्र शाळेने जपून ठेवावे. सर्वांत सुबक नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: तारीख, हे काय पाहून काढले, आणि काढताना काय अडले. कागद घड्या न घालता सपाट ठेवावा. ओल आणि वाळवी यांपासून दूर ठेवावा. पाचवीतील मुलगा दहावी होऊन शाळा सोडील, तेव्हा सहा कागदांचा एक लिफाफा शाळेने त्याच्या हाती द्यावा. प्रगतिपुस्तकात न मावणारी प्रगती त्यात असेल. त्यातला एखादा कागद डागाळलेला, अर्धवट सुटलेला असेल, तर तोही काढून टाकू नये.

विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या दालनातील चित्रे पाहताना आपापल्या चित्रापुढे थोडा वेळ थांबा. ‘छान झाले’ किंवा ‘बिघडले’ असा निकाल लगेच देऊ नका. त्यातली एखादी रेघ शोधा, जी खरोखर पाहून ओढलेली आहे. अशी एक जरी रेघ सापडली, तरी ते चित्र जपण्याजोगे आहे. आणि पुढे कधी काशीयात्रेचा योग आला, तर गंगास्नान आणि विश्वनाथाचे दर्शन झाल्यावर सारनाथला अवश्य जा. संग्रहालयात त्या सिंहांच्या समोर उभे राहा, आणि मग सावकाश प्रदक्षिणा घालून मागे जा. फळ्यावर कधीच न काढलेला चौथा सिंह तेथे बसलेला आहे.

सर्वांना हीरकमहोत्सवाच्या शुभेच्छा.